केडब्ल्यू ५३/२०२६ आणि केडब्ल्यू १/२०२७, दोन्हीला तारीख एकच येतेय, शीट कुठं गंडलंय?

शिरोली_डिस्पॅच

नमस्कार मंडळी. लांबड लावत नाही म्हणतो, पण थोडी लागणारच.

शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीत डिस्पॅच बघतो. जर्मनीचा एक कस्टमर आहे, त्याचं शेड्यूल तारखेवर नसतंच, आठवड्यावर असतं. म्हणजे केडब्ल्यू ४८/२०२६ ला ४ पॅलेट, केडब्ल्यू ५० ला ६ पॅलेट असं. केडब्ल्यू म्हणजे त्यांच्या भाषेत कॅलेंडरचा आठवडा. आपल्याकडं असं कोण बोलतंय, आपण 'पुढल्या गुरुवारी' म्हणणार नाहीतर 'दसरा झाला की बघू' म्हणणार, पण त्यांचं सगळं या आकड्यावर चालतं, फोनवर पण तेच.

तर आमच्या आधी इथं जे अण्णा होते त्यांनी २०२४ च्या सुरवातीला एक एक्सेल शीट करून ठेवलंय. बी कॉलममध्ये वर्ष, सी मध्ये आठवडा टाकला की डी मध्ये त्या आठवड्याचा सोमवार येतो आणि त्यावरून लोडिंग प्लॅनची प्रिंट निघते. तीन वर्षं मी त्याला हात लावला नाही, चालतंय तर कशाला छेडा. आज नवीन शेड्यूल आलं केडब्ल्यू ८/२०२७ पर्यंतचं, ते भरलं, प्रिंट काढून मशीन शॉपला दिली, तर तिथला सुपरवायझर प्रिंट घेऊन माघारी आला आणि म्हणाला काय साहेब, एका सोमवारी दोन कंटेनर भरायचे का, पॅलेट काय आभाळातनं पडणार का.

बघितलं तर खरंच. केडब्ल्यू ५३/२०२६ च्या ओळीत २८ डिसेंबर २०२६ आणि त्याच्या खाली केडब्ल्यू १/२०२७ च्या ओळीत पण २८ डिसेंबर २०२६.

फॉर्म्युला हा आहे. मोबाईलवरनं लिहितोय, कीबोर्ड बदलायचा कंटाळा, म्हणून मराठी अक्षरातच लिहितो, तुम्ही समजून घ्या:

=डेट(बी२,१,१)-वीकडे(डेट(बी२,१,१),२)+१+(सी२-१)*७

पहिला संशय मला कस्टमरवरच आला, वर्षाला आठवडे ५२ असतात, हे ५३ वा कुठनं काढलं. मेल टाकणार होतो की तुमचं शेड्यूल चुकलंय, मग म्हटलं आधी इथं विचारावं, उगंच हसं नको. २०२४, २५, २६ मध्ये एकदा पण चुकलं नाही हे शीट. अण्णा आता गावाकडं शेती बघतात, फोन केला तर म्हणाले ऊसतोड चालू आहे, नंतर बोलू.


नाद_एक्सेलचा

भावा एवढं काय त्यात, २०२७ च्या ओळींना शेवटी +७ लाव आणि मोकळा हो. नाहीतर सरळ वीकनम वापर, तारखेवरून आठवड्याचा नंबर देणारं फंक्शन, कंसात तारखेनंतर २ टाकला की आठवडा सोमवारपासून धरतो. मी तेच वापरतो, कधी त्रास नाही.


पीपीसी_ताई

शिरोलीदादा, मेल टाकला नाहीत ते बरं केलंत, कस्टमर बरोबर आहे. २०२६ ला ५३ आठवडे आहेतच. चूक अण्णांच्या फॉर्म्युल्यात आहे आणि ती पहिल्या दिवसापासून आहे, फक्त तीन वर्षं नशिबानं झाकली गेली.

मी गोकुळ शिरगावला प्लॅनिंगला आहे, आमचे पण दोन कस्टमर युरोपचे, त्यामुळं या खड्ड्यात मी तुमच्या आधी पडून आलेय. सावकाश सांगते.

युरोपवाले आठवडा मोजतात तो आयएसओ ८६०१ प्रमाणे. त्यात दोनच गोष्टी. आठवडा सोमवारी सुरू होतो. आणि ज्या आठवड्यात वर्षाचा पहिला गुरुवार येतो तो आठवडा क्रमांक १. गुरुवार का, तर सोमवार ते रविवार सात दिवसांत गुरुवार बरोबर मधला, त्यामुळं गुरुवार ज्या वर्षात पडला त्या वर्षाकडं त्या आठवड्यातले निदान चार दिवस असतातच. ज्याच्या घरात चार दिवस, आठवडा त्याचा. हेच उलटं करून बघितलं तर असं निघतं की ४ जानेवारी ही तारीख कुठल्याही वर्षी पहिल्या आठवड्यातच असते. १ जानेवारीचा भरवसा नाही, ४ चा आहे.

अण्णांनी काय केलंय, १ जानेवारी ज्या आठवड्यात पडते त्याला आठवडा १ धरलंय. आता बघा, २०२४ ला १ जानेवारी सोमवारी होती, २०२५ ला बुधवारी, २०२६ ला गुरुवारी. तिन्ही वेळा सोमवार ते गुरुवारच्या आतच, म्हणून अण्णांचा हिशोब आणि आयएसओचा हिशोब जुळत गेला. २०२७ ला १ जानेवारी शुक्रवारी आहे. त्या आठवड्याचा गुरुवार ३१ डिसेंबर, म्हणजे तो सगळा आठवडा २०२६ चाच, तोच तुमचा केडब्ल्यू ५३. केडब्ल्यू १/२०२७ सुरू होतो सोमवार ४ जानेवारीला. तुमचं शीट २०२७ भर प्रत्येक ओळीत एक आठवडा आधीची तारीख दाखवणार होतं, नुसती पहिली ओळ नाही. सुपरवायझरला चहा पाजा.

दुरुस्ती एवढीच, दोन्ही ठिकाणी १ जानेवारीच्या जागी ४ जानेवारी:

=डेट(बी२,१,४)-वीकडे(डेट(बी२,१,४),२)+१+(सी२-१)*७

हातानं पडताळून बघा. २०२६ ला ४ जानेवारी रविवारी होती, वीकडेला २ दिलाय म्हणजे सोमवार १ आणि रविवार ७. ४ मधनं ७ वजा, वर १, म्हणजे मागं सरकत २९ डिसेंबर २०२५, आठवडा १ चा सोमवार. त्यात ५२ आठवडे म्हणजे ३६४ दिवस मिळवा, २८ डिसेंबर २०२६, तो झाला केडब्ल्यू ५३. आता २०२७, ४ जानेवारी सोमवारीच आहे, ४ वजा १ अधिक १, परत ४. आल्या दोन वेगळ्या तारखा.

नाद_एक्सेलचा यांना राग येऊ नये पण +७ लावू नका. ते २०२७ आणि २०२८ ला बरोबर येईल, २०२९ ला १ जानेवारी सोमवारी आहे, तिथं परत चुकेल, आणि तोवर हे +७ कुणी का लावलं होतं ते कुणाला आठवणार नाही, तुम्ही पण तिथं नसाल कदाचित. वीकनमचं पण तसंच आहे, त्यात २ टाकला तरी तो आठवडा १ धरतो १ जानेवारीपासूनच. तुम्हाला त्रास झाला नसेल कारण तुम्ही २०२४ नंतर वापरायला लागला असाल. २०२३ ला वापरून बघा जुनी तारीख टाकून, २ जानेवारी २०२३ ला तो २ दाखवेल, आयएसओ प्रमाणे तो १ आहे.


नाद_एक्सेलचा

ताई राग कसला, आत्ताच टाकून बघितलं, खरंच २ आला. म्हणजे माझा २०२७ चा पगारपत्रकाचा आठवडा पण बोंबलणार काय? आमचा कस्टमर वगैरे नाही, आमचं आपलं आठवड्याचं ओव्हरटाईम.


पीपीसी_ताई

तुमचं बोंबलणार नाही, तुमच्या पुरतं तुम्हीच नियम ठरवायचा, १ जानेवारीपासून धरला तरी चालतंय, फक्त डिसेंबरचा शेवटचा आठवडा दोन तुकड्यात येणार हे ध्यानात ठेवा. भांडण होतं ते दुसऱ्याच्या आकड्याशी आपला आकडा जुळवायचा असतो तेव्हा. तारखेवरून आयएसओ आठवडा पाहिजे असेल तर आयएसओवीकनम नावाचं वेगळं फंक्शन आहे, एक्सेल २०१३ पासून. २०१० असेल तर वीकनम मध्येच तारखेनंतर २१ टाकायचा, २ नव्हे २१, तो पण आयएसओच देतो. गुगल शीटमध्ये पण आयएसओवीकनम चालतं.


शिरोली_डिस्पॅच

ताई लई उपकार. ४ टाकला, दोन सेकंदात सरळ. तीन वर्षं एका आकड्यावर तरलो म्हणायचं.

पण आता लालूच सुटली म्हणून दुसरं शीट पण उघडलं, झालेल्या डिस्पॅचचं. त्यात तारखेवरून लेबल काढतो, वर्ष मग डॅश मग आठवडा, आणि त्यावर पिव्होट, म्हणजे आठवड्यावार बेरजेचा तक्ता. तुमचं वाचून तिथं वीकनम काढून आयएसओवीकनम टाकलं:

=इयर(ए२)&"-"&आयएसओवीकनम(ए२)

आणि आता गंमत बघा, ३० डिसेंबर २०२५ ला गेलेला कंटेनर पिव्होटमध्ये २०२५-१ म्हणून जानेवारी २०२५ च्या मालात जाऊन बसलाय. म्हणजे माल गेला वर्षाच्या शेवटी आणि शीट म्हणतंय वर्षाच्या सुरवातीला. आधी वीकनम होतं तेव्हा २०२५-५३ दाखवत होता, तेच बरं होतं असं वाटायला लागलंय. आणि अजून एक, २०२६-१० हा २०२६-२ च्या आधी येतो, ते कायमचंच आहे, मी हातानं ओढून लावतो.


रंकाळ्याकाठचा

शिरोलीभाऊ, आठवडा आयएसओचा घेतला तर वर्ष पण आयएसओचंच घ्यायला लागतं, अर्धं इकडचं अर्धं तिकडचं चालत नाही. ३० डिसेंबर २०२५ मंगळवार, त्या आठवड्याचा गुरुवार १ जानेवारी २०२६, म्हणजे तो आठवडा २०२६ चा पहिला. तर वर्ष तारखेचं न विचारता त्या आठवड्याच्या गुरुवारचं विचारायचं:

=इयर(ए२-वीकडे(ए२,२)+४)

३० मधनं मंगळवारचे २ वजा, ४ मिळवले, ३२ डिसेंबर म्हणजे १ जानेवारी २०२६. वर्ष २०२६. झालं.

आणि १० हा २ च्या आधी येतो कारण ते लेबल अक्षर आहे, आकडा नाही, एक्सेल पहिलं अक्षर बघून लावतो. आठवडा दोन अंकी करून टाका, टेक्स्ट फंक्शनमध्ये "००" फॉरमॅट देऊन. पूर्ण लेबल असं होईल:

=इयर(ए२-वीकडे(ए२,२)+४)&"-"&टेक्स्ट(आयएसओवीकनम(ए२),"००")

२०२६-०१ येईल आणि आपोआप ओळीत बसेल. अक्षर नको असेल तर मी स्वतः दुसरंच करतो, लेबल न करता नुसता त्या आठवड्याचा सोमवार काढतो, ए२-वीकडे(ए२,२)+१, आणि पिव्होट त्या तारखेवर लावतो. तारखेला वर्ष बदललं काय आठवडा बदलला काय, फरक पडत नाही. आठवड्याचा नंबर फक्त कस्टमरला दाखवायच्या प्रिंटवर. माझं मत विचाराल तर आठवड्याचा नंबर ही बोलायची गोष्ट आहे, हिशोब ठेवायची नव्हे.

आता तुम्ही न विचारलेला प्रश्न. तो केडब्ल्यू ३/२०२७ म्हणजे माल तुमच्या गेटातून निघायचा आठवडा का त्यांच्या गेटात पोचायचा? पीओ वर, म्हणजे त्यांच्या खरेदी ऑर्डरवर, डिलिव्हरी टर्म बघा. एक्स वर्क्स असेल तर तुमचं गेट. त्यांच्या दारात पोच असेल तर न्हावाशेवा, बोट, तिकडचं बंदर, तिकडचा ट्रक, एवढं सगळं मागं मोजत यायला लागतं.


शिरोली_डिस्पॅच

त्यांच्या दारात. आम्ही सहा आठवडे धरतो, हॅम्बुर्गपर्यंत बोट आणि वरची चार दिवसाची ताणाताणी. आतापर्यंत आठवड्यातनंच ६ वजा करत होतो, उणे आलं की ५२ मिळवायचं. हे पण गंडलंय वाटतं.


रंकाळ्याकाठचा

गंडलंयच. केडब्ल्यू ३ मधनं ६ गेले की उणे ३, त्यात ५२ मिळवले ४९. पण २०२६ ला आठवडे ५३, म्हणजे खरा ५०. तुम्ही आठवडाभर आधीच माल तयार ठेवून यार्डात जागा अडवून बसला असता, हे त्यातल्या त्यात बरं नुकसान.

सोमवार काढा, मग दिवस वजा करा. केडब्ल्यू ३/२०२७ चा सोमवार १८ जानेवारी २०२७, त्यातनं ४२ दिवस मागं, ७ डिसेंबर २०२६, आणि त्याला आयएसओवीकनम लावला की ५० येतो. नंबरातनं नंबर कधी वजा करायचा नाही.

कुठल्या वर्षाला ५२ आणि कुठल्या वर्षाला ५३ हे बघायचं असेल तर २८ डिसेंबरला विचारा, ती तारीख नेहमी वर्षाच्या शेवटच्या आठवड्यातच असते:

=आयएसओवीकनम(डेट(बी२,१२,२८))

२०२६ टाकलं की ५३, २०२७ टाकलं की ५२. मागचा ५३ वाला २०२० होता, पुढचा २०३२.


संस्थेचा_सचिव

मी तुमच्या लाईनचा नाही, गावातल्या दूध संस्थेत आहे, पण वाचायला मजा आली म्हणून लिहितोय. हा ५३ वा आठवडा म्हणजे त्यांचा अधिक मास झाला की. यंदा आपल्याकडं अधिक ज्येष्ठ आला तसा यांच्याकडं अधिक आठवडा. आपल्या चांद्र वर्षात आणि सौर वर्षात अकरा-एक दिवसांचा फरक राहतो आणि तो साठत साठत महिन्याएवढा झाला की एक महिना जास्त. यांचं ५२ साते ३६४, वर्षाला एक दिवस उरतो, लीप वर्षाला दोन, ते साठून सात झाले की एक आठवडा जास्त. जावयाला वाण द्यायची पद्धत फक्त नाही.

आमच्याकडं आठवड्याची भानगडच नाही, उत्पादकांचं बिल दहा दिवसाचं, १ ते १०, ११ ते २०, आणि २१ ते महिनाअखेर. त्याला मला कुणीतरी हा फॉर्म्युला करून दिला होता, कुणाला लागला तर बघा:

=मिन(३,इंट((डे(ए२)-१)/१०)+१)

त्यातला तो मिन ३ कशाला ते मला सहा महिने कळलं नव्हतं, मग ३१ तारखेला एकदा तो काढून बघितला तर चौथं बिल तयार झालं. तेव्हापासून हात लावत नाही.


पीपीसी_ताई

सचिवसाहेब, वाणाचं भारी.

शिरोलीदादा, एक राहिलं. तुमच्याकडं साप्ताहिक सुट्टी कधी? आमच्याकडं सोमवारी बंद असतं. शीट सोमवारची तारीख छापतं आणि सोमवारी गेटला कुलूप, असा प्रकार आमच्याकडं झालाय, ट्रकवाला सकाळी सात वाजता येऊन गेटवर बसला होता, आणि फोन कुणाला तर मला, घरी, डोक्याला मेंदी लावलेली.


शिरोली_डिस्पॅच

आमच्याकडं पण सोमवारीच. मी मनातल्या मनात एक दिवस पुढं धरतो.


पीपीसी_ताई

मनात धरू नका, शीटला धरायला लावा. वर्कडे.इंटल म्हणून फंक्शन आहे, त्यात सुट्टीचा वार सांगता येतो. ११ म्हणजे फक्त रविवार सुट्टी, १२ म्हणजे फक्त सोमवार, असं १७ शनिवारपर्यंत. सणाच्या सुट्ट्या एका कॉलममध्ये लिहून ठेवा, समजा एच२ ते एच२०. मग डी२ मध्ये सोमवार असेल तर त्या आठवड्याचा पहिला कामाचा दिवस:

=वर्कडे.इंटल(डी२-१,१,१२,$एच$२:$एच$२०)

रविवारपासून सुरू करून एक कामाचा दिवस पुढं जा, असा त्याचा अर्थ. डी२-१ विसरलात तर सोमवारची सुट्टी असेपर्यंत उत्तर तेच येईल, पण उद्या सुट्टीचा वार बदलून रविवार केला तर सोमवार सोडून मंगळवार दाखवायला लागेल, म्हणून असूद्या.

केडब्ल्यू ४/२०२७ वर करून बघा, गंमत आहे. सोमवार २५ जानेवारी, आपली सुट्टी. मंगळवार २६ जानेवारी, झेंडावंदन. सुट्ट्यांच्या यादीत २६ जानेवारी लिहिली असेल तर शीट बुधवार २७ दाखवेल. मनात एक दिवस पुढं धरून तुम्ही २६ ला ट्रक बोलावला असता.


शिरोली_डिस्पॅच

बोलावलाच असता, खोटं कशाला बोलू.

आता शेवटचं विचारतो मग तुमचा जीव सोडतो. शेड्यूल मेलमध्ये येतं, त्यातनं कॉपी करून टाकतो. कधी केडब्ल्यू ५३/२०२६ असं येतं, कधी त्यांची ती दुसरी बाई असते ती नुसतं ५३/२०२६ लिहिते. आज तिनं पाठवलेलं चिकटवलं तर ५३/२०२६ नीट बसलं आणि २/२०२७ चं फेब्रुवारी झालं. फेब-२७ असं दिसतंय. परत २/२०२७ टाईप केलं, परत फेब्रुवारी. तीनदा केलं. शेजारचा पोरगा हसायलाय.


रंकाळ्याकाठचा

हसू द्या, त्याला पण एक दिवस कळेल. एक्सेलला २/२०२७ म्हणजे महिना आणि वर्ष वाटतं, म्हणून १ फेब्रुवारी २०२७ करून ठेवतो. ५३ नावाचा महिना नाही म्हणून ते अक्षर म्हणून सोडतो. म्हणजे १ ते १२ आठवडे बिघडणार आणि १३ ते ५३ नीट, एकाच कॉलममध्ये. आणि एकदा तारीख झाल्यावर फॉरमॅट टेक्स्ट केला तरी २/२०२७ परत येत नाही, तिथं पाच अंकी भलताच आकडा दिसतो. म्हणून चिकटवायच्या आधी तो अख्खा कॉलम निवडून फॉरमॅट टेक्स्ट करा, मग पेस्ट करताना फक्त मजकूर पेस्ट करा.

मग त्यातनं आठवडा आणि वर्ष वेगळं काढा. आधी केडब्ल्यू ही दोन अक्षरं आणि रिकाम्या जागा उडवायच्या. मेलमधनं येणारी रिकामी जागा पुष्कळदा साधी स्पेस नसतेच, कॅरेक्टर १६० असतो, दिसतो स्पेससारखाच पण ट्रिमनं जात नाही, त्याच्यापायी माझी एक अख्खी दुपार गेली होती. तर एफ२ मध्ये:

=सब्स्टिट्यूट(सब्स्टिट्यूट(सब्स्टिट्यूट(ए२,"केडब्ल्यू",""),कॅर(१६०),"")," ","")

आता एफ२ मध्ये नुसतं २/२०२७ उरलं, आणि फॉर्म्युल्यातनं आल्यामुळं ते अक्षरच राहतं, फेब्रुवारी होत नाही. आठवडा:

=व्हॅल्यू(लेफ्ट(एफ२,फाइंड("/",एफ२)-१))

वर्ष:

=व्हॅल्यू(राइट(एफ२,४))

तिसऱ्या बाई येऊन २/२७ लिहायला लागल्या तर वर्षाचं मोडेल, तेव्हा बघू.

आणि त्यांच्याकडनं कधी तारखा आल्या तर त्या ०४.०१.२०२७ अशा टिंबवाल्या येतात, आपल्याकडच्या सेटिंगला ते अक्षर वाटतं. रिप्लेस मारून टिंबाच्या जागी तिरकी रेघ करायचा मोह होईल, करू नका, कॉम्प्युटरची तारीख अमेरिकन पद्धतीवर असली तर ४ जानेवारीचं १ एप्रिल होतं आणि कुणाला दिसत पण नाही. डेटा मेनूत टेक्स्ट टू कॉलम्स, शेवटच्या पायरीला डेट निवडून डीएमवाय, म्हणजे दिवस-महिना-वर्ष.


जुना_संगणक

आमच्याकडं ऑफिस २००७ आहे, हसू नका, लायसन्सचं आहे. आयएसओवीकनम पण नाही आणि २१ टाकला तर एरर.


पीपीसी_ताई

एक कॉलम वाढवा. बी२ मध्ये त्या आठवड्याचा गुरुवार:

=ए२-वीकडे(ए२,२)+४

सी२ मध्ये आठवडा:

=इंट((बी२-डेट(इयर(बी२),१,१))/७)+१

गुरुवार वर्षाचा कितवा गुरुवार आहे एवढंच मोजायचं, तोच आठवडा. आणि वर्ष पाहिजे असेल तर इयर(बी२). ही कुठल्याही जुन्या एक्सेलला चालणारी गोष्ट आहे, मला तर हीच जास्त आवडते, डोळ्याला दिसते तरी काय चाललंय ते.


शिरोली_डिस्पॅच

सगळं झालं. ४ जानेवारी टाकला, सोमवारची सुट्टी टाकली, सुट्ट्यांची यादी एच कॉलममध्ये टाकली, अंबाबाईचा रथोत्सव आमच्याकडं हाफ डे असतो तो कुठं लिहायचा कळेना म्हणून तो सोडला. नवीन प्रिंट काढली, दोन कंटेनर दोन आठवड्यात गेले. सुपरवायझरनं बघितली, म्हणाला आता बरोबर, आणि ताईंनी सांगितल्याप्रमाणे चहा पण झाला, वर त्यानं मिसळ मागितली ती पण दिली.

रात्री अण्णांचा फोन आला. सांगितलं असं असं झालं, तुमचा १ चा ४ केला. गप्प राहिले जरा, मग म्हणाले अरे ४ च होता की, मीच तो १ केला होता, वाटलं कुणीतरी चुकून टाकलाय.